नीळकंठशास्त्री गोऱ्हे यांची चरित्रनोंद : प्रकल्प नोंदी

४ जून २०२४

एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती विचारवंतांविषयीच्या आमच्या छोट्या कोशप्रकल्पात पुढची नोंद नीळकंठशास्त्री, म्हणजेच फादर नहेम्या गोऱ्हे, यांची घ्यावी असे ठरले. जुन्या टिपणांत त्यांच्याविषयी जेमतेम चार ओळी आहेत : काशीचे पंडित, १८४८ मध्ये बाप्तिस्मा, पुढे अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चचे) पाळक, पंडिता रमाबाईंवर प्रभाव. यातले एकही विधान खोटे नाही, पण एवढ्यावरून माणूस डोळ्यांपुढे येत नाही. मराठी वाचकाला गोऱ्हे भेटतात ते बहुधा रमाबाईंच्या चरित्रातच, आणि तेही एखाद्या प्रकरणापुरते. त्यांनी स्वतः संस्कृत, हिंदी आणि इंग्रजीत जे लिहिले, ते वाचून केलेली नोंद मराठीत असावी, हा या कामाचा हेतू आहे.

प्रकल्पातील सहकारी ग्रंथालयांच्या सूची पाहणार आहेत. आडनाव कुठे ‘गोरे’, कुठे ‘गोऱ्हे’ असे आढळते, इंग्रजी सूचीत ते वेगळ्याच जागी जाऊन बसते, त्यामुळे सर्व रूपांखाली शोध घ्यावा लागेल. आमच्या नोंदीचे शीर्षक ‘गोऱ्हे, नीळकंठशास्त्री (नहेम्या)’ असे राहील.

७ जून

जन्म ८ फेब्रुवारी १८२५, झाशीजवळच्या काशीपुरा या गावी. कुटुंब चित्पावन ब्राह्मणांचे. घराण्यातील मंडळी बांद्याच्या नवाबांच्या पदरी कारभारात होती, आणि बांद्याचे नवाब म्हणजे पहिल्या बाजीरावाचे व मस्तानीचे वंशज. बुंदेलखंडात आणि काशीत स्थिरावलेल्या मराठी ब्राह्मणांचे जे एक विस्तृत जग पेशवाईच्या विस्ताराबरोबर निर्माण झाले होते, त्यातच हा मुलगा वाढला. कोकणातून निघालेली घराणी, दरबारी नोकरीतून आलेली सुबत्ता, आणि उतारवयात काशीवास पत्करलेली वडीलधारी माणसे, हे सर्व समजून घेतल्याशिवाय गोऱ्ह्यांचे पांडित्य कोणत्या मातीतून आले ते कळत नाही, म्हणून नोंदीत यासाठी एक परिच्छेद राखून ठेवला आहे.

काशीत त्यांचे शिक्षण पारंपरिक पद्धतीने झाले. त्यांचे घराणे शैव होते, पण तरुणपणीच नीळकंठांनी विष्णूची उपासना स्वीकारली. चरित्रकार ही गोष्ट ओझरती सांगून पुढे जातात, पण माझ्या मते ती नोंदीत ठळकपणे यायला हवी. मिशनऱ्यांशी गाठ पडण्यापूर्वीच या मुलाला वारशाने मिळालेली उपासना तपासून घ्यावीशी वाटली होती आणि तपासाअंती जे पटले त्याप्रमाणे त्याने आचरणही बदलले होते.

१२ जून

आजचा दिवस ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ या ग्रंथासाठी ठेवला होता, आणि संस्कृत वाचून दाखवण्यासाठी आमचे निवृत्त शिक्षक, ज्यांना आम्ही सगळे नुसते ‘सर’ म्हणतो, ते मुद्दाम आले होते.

पार्श्वभूमी अशी. कंपनी सरकारातील अधिकारी आणि संस्कृतज्ञ जॉन म्यूर यांनी १८३९ मध्ये ‘मतपरीक्षा’ हा ग्रंथ संस्कृत श्लोकांत लिहून ख्रिस्ती धर्माची श्रेष्ठता सिद्ध करण्याचा प्रयत्न केला. त्याला पंडितांकडून उत्तरे आली. पहिले उत्तर ‘सोमनाथ’ या नावाने लिहिणारे सुबाजी बापू यांचे, म्हणजे तेही एका मराठी पंडिताचेच. दुसरे बंगालच्या हरचंद्र तर्कपंचानन यांचे. तिसरे आणि सर्वांत सखोल उत्तर १८४४-४५ च्या सुमारास नीळकंठांनी लिहिले, तेव्हा त्यांचे वय विशीच्या आसपास होते.

ग्रंथाचा सूर चिडखोर नाही, आणि याचेच सरांना सर्वाधिक कौतुक वाटले. शास्त्राचे प्रामाण्य केवळ तर्काने ठरवता येत नाही आणि श्रद्धेच्या आधाराशिवाय तर्क कुठेही स्थिरावत नाही, हे नीळकंठ प्रथम मांडतात, आणि मग म्यूरांनी हिंदू शास्त्रांना लावलेली तर्काची फूटपट्टी ख्रिस्ती मतालाही लावून पाहतात. जीवाला पूर्वजन्म नसेल आणि पूर्वकर्मही नसेल, तर एक माणूस जन्मतःच दुःखी आणि दुसरा सुखी असे का? ज्यांना पापपुण्य ठाऊक नाही अशा जनावरांच्या वाट्याला यातना का याव्यात? कर्मसिद्धांताकडे या प्रश्नांचे उत्तर आहे, तुमच्याकडे काय आहे, असा हा पेच आहे. वाचता वाचता सर मध्येच थांबून म्हणाले, “हा मुलगा प्रतिपक्षाचे म्हणणे प्रतिपक्षापेक्षा नीट मांडतो आहे, हे लक्षात घ्या.”

हा ग्रंथ त्या काळी छापला गेला नाही. हस्तलिखितावरून संपादन करून सदाशिव कात्रे यांनी तो १९५१ मध्ये उज्जैनहून प्रसिद्ध केला. ज्या माणसाला पुढे शतकभर ‘हिंदू दर्शनांचे खंडन करणारा पाळक’ म्हणून ओळखले गेले, त्याने केलेले हिंदू शास्त्रांचे मंडन छापील रूपात वाचकांच्या हाती पडले ते त्याच्या मृत्यूनंतर छप्पन्न वर्षांनी. नोंदीत हा ग्रंथ ‘धर्मांतरापूर्वीचे लेखन’ अशा उपशीर्षकाखाली कोपऱ्यात सारायचा नाही, तर मुख्य ग्रंथांच्या रांगेत ठेवायचा, असे आज ठरवले.

१९ जून

धर्मांतराचा भाग लिहिला. काशीतील चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम स्मिथ यांच्याकडे नीळकंठ प्रथम गेले ते वाद घालून त्यांना निरुत्तर करण्यासाठी. स्मिथ यांनी वाद लांबवण्याऐवजी वाचायला पुस्तके दिली. शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनाने नीळकंठांच्या मनाची पकड घेतली. त्यानंतरचा काळ घालमेलीचा होता : घरच्यांचे दुःख, समाजाचा दबाव आणि स्वतःच्याच ग्रंथातील आक्षेपांना उत्तर शोधण्याची धडपड. अखेर १४ मार्च १८४८ रोजी जौनपूर येथे त्यांचा बाप्तिस्मा झाला आणि ‘नहेम्या’ हे नाव त्यांनी घेतले.

मसुद्यात सहकाऱ्याने “सत्याचा साक्षात्कार झाल्यावर त्यांनी जुन्या मतांचा त्याग केला” असे वाक्य लिहिले होते. भक्तिपर चरित्रात असे वाक्य खपून जाते. पण गोऱ्ह्यांच्या बाबतीत शंका बाप्तिस्म्यानंतरही आयुष्यभर सोबत राहिल्या आणि त्यांचे चरित्रकार गार्डनर, जे स्वतः त्यांच्याच धर्मसंघाचे (या संघाविषयी पुढे येईल) होते, ते १९०० साली प्रसिद्ध झालेल्या चरित्रात हे लपवत नाहीत. वाक्य काढून टाकले.

२७ जून

‘षड्दर्शनदर्पण’. हिंदीत लिहिलेला हा ग्रंथ १८६० मध्ये कलकत्त्यात छापला गेला आणि दोनच वर्षांनी फिट्झएडवर्ड हॉल या अमेरिकन संस्कृतज्ञाने त्याचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले. नोंदीतील सर्वांत मोठा भाग यालाच द्यावा लागणार, कारण गोऱ्हे यांची ईश्वरशास्त्रज्ञ म्हणून जी काही ओळख जगात आहे ती मुख्यतः या ग्रंथामुळे आहे.

ग्रंथाची बांधणी अशी आहे की आधी त्या त्या दर्शनाचा सिद्धांत त्याच्याच परिभाषेत मांडायचा, त्याचे समर्थक आक्षेपांना कोणते उत्तर देतील तेही सांगायचे, आणि मगच खंडनाला हात घालायचा. सांख्य, न्याय आणि वैशेषिक यांचा समाचार घेऊन ते वेदांताकडे वळतात आणि तिथे त्यांची लेखणी खऱ्या अर्थाने तापते.

वेदांताच्या विचाराची सुरुवात ते तीन सत्तांपासून करतात : पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक. दोरीवर भासणारा साप प्रातिभासिक, दोरी आणि बाकीचे जग व्यावहारिक, आणि ब्रह्म तेवढे पारमार्थिक. गोऱ्हे यांचा प्रश्न सरळ आहे. व्यावहारिक म्हणजे आहे की नाही? आहे म्हणाल तर ब्रह्माखेरीज दुसरे काही आहे असे कबूल झाले आणि अद्वैत गेले. नाही म्हणाल तर बंध नाही, अज्ञान नाही, मग मोक्ष कुणाला आणि कशापासून? सत्तेचे तीन वर्ग करून वेदांती या प्रश्नातून वाट काढतात खरी, पण ती वाट म्हणजे निव्वळ नामकरण आहे, असे त्यांचे म्हणणे. ब्रह्माचे स्वरूप ज्ञान आहे असे म्हणायचे आणि त्या ज्ञानाला विषयही नाही व ज्ञाताही नाही असेही म्हणायचे, यावर तर ते विशेष रोखाने बोट ठेवतात.

सरांचे मत असे पडले की शांकरमताचा मुरलेला अभ्यासक या खंडनाला उत्तर देऊ शकेल, कारण व्यावहारिक सत्ता ही ‘आहे’ आणि ‘नाही’ या दोन खणांत बसत नाही हाच तर अनिर्वचनीयतेचा दावा आहे, आणि तो दावाच अमान्य करून पुढे जाण्याला खंडन म्हणता येईल का, ही शंका रास्त आहे. मला तो आक्षेप मान्य आहे आणि नोंदीत तो दोन वाक्यांत येईल. मात्र त्याच वेळी हेही लिहिले पाहिजे की त्या काळातील बहुतेक मिशनरी लेखन मूर्तिपूजेवर आणि पुराणकथांवर टीका करण्यात गुंतलेले असताना, सहा दर्शनांच्या मूळ ग्रंथांत शिरून, त्यांच्या पक्षाचा मान राखून वाद घालणारा ग्रंथ एका मराठी पंडिताने हिंदीत लिहिला. यात वापरलेली पूर्वपक्ष (आधी प्रतिपक्षाचे म्हणणे) आणि उत्तरपक्ष (मग आपले उत्तर) यांची शिस्त त्याने इंग्लंडकडून घेतलेली नव्हती, ती काशीच्या पाठशाळेतली होती. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ आणि ‘षड्दर्शनदर्पण’ या दोन्हींत बाजू बदलली आहे, वाद घालणारा पंडित तोच आहे.

२ जुलै

इंग्लंडचा प्रवास चारच ओळींत आटोपला. १८५४ मध्ये पंजाबचे पदच्युत शीख महाराजा दुलीपसिंग यांच्यासोबत पंडित म्हणून गोऱ्हे तिकडे गेले. संस्कृतज्ञ माक्स म्युल्लर यांनी पुढे आपल्या आठवणींत त्यांच्या भेटीविषयी लिहिले आहे : लंडनमधील जीवन पाहून गोऱ्हे अतिशय खिन्न झाले होते, आणि ख्रिस्ती धर्म जर हा असेल तर आपण ख्रिस्ती नव्हे, अशा आशयाचे बोलले होते. दुलीपसिंगांचा किस्सा मोठा करण्याचा मोह होतो, कारण वाचकांना तो आवडेल, पण गोऱ्ह्यांच्या विचारांच्या दृष्टीने त्यात फारसे काही नाही.

९ जुलै

कालपट तयार करताना एक अंतर ठळकपणे डोळ्यांत भरते. बाप्तिस्मा १८४८ चा, आणि डीकनपदाची, म्हणजे पाळकपदाच्या आधीच्या पायरीची, दीक्षा १८६८ ची. कलकत्त्याचे बिशप रॉबर्ट मिलमन यांनी ती दिली आणि १८७० मध्ये पाळकपदाची पूर्ण दीक्षाही त्यांच्याच काळात झाली. मधली वीस वर्षे गोऱ्हे काम करत होते, लिहीत होते, वाद करत होते, पण पाळक झाले नव्हते. स्वतःच्या योग्यतेविषयीची आणि श्रद्धेच्या दृढतेविषयीची शंका हे त्याचे मोठे कारण, असे त्यांच्या पत्रांवरून व चरित्रावरून दिसते.

याच १८६८ सालात त्यांनी अनंतकालिक शिक्षेच्या, म्हणजे पाप्यांना मृत्यूनंतर कायमची शिक्षा होते या, सिद्धांतावरील आक्षेपांना उत्तर देणारे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले. हा विषय त्यांनी का निवडावा? दुःखाचे वाटप न्याय्य कसे, हा पेच विशीत त्यांनी म्यूर यांच्यापुढे टाकला होता. ख्रिस्ती झाल्यावर कर्म आणि पुनर्जन्म ही उत्तरे त्यांनी सोडली, आणि आता सदैव शिक्षा देणारा देव न्यायी कसा, हे सिद्ध करण्याची जबाबदारी त्यांच्यावर आली. तेव्हाचे अनेक उदारमतवादी ख्रिस्ती हा सिद्धांत सौम्य करू पाहत होते, ब्राह्मसमाजाचे लोक त्याची थट्टा करत होते. गोऱ्हे यांनी तो सौम्य केला नाही. मला त्यांचे उत्तर पटत नाही, पण विशीत उपस्थित केलेला प्रश्न दीक्षेच्या उंबरठ्यावर पुन्हा हाती घेण्याचा त्यांचा प्रामाणिकपणा नोंदीत दिसला पाहिजे. १२ जूनचा आणि आजचा मजकूर एकाच प्रकरणात एकापाठोपाठ लावला.

१५ जुलै

ब्राह्मसमाज आणि प्रार्थनासमाज यांच्याशी झालेला वाद. १८६८ मध्ये त्यांनी ब्राह्मांना उद्देशून एक प्रदीर्घ पत्र इंग्रजीत छापले, आणि पुढे मुंबई-पुण्यातही याच विषयावर व्याख्याने दिली. मुंबईत प्रार्थनासमाजाची स्थापना १८६७ मध्ये झाली होती, तेव्हा हा विषय इकडच्या सुशिक्षितांना अगदी जवळचा होता.

त्यांच्या युक्तिवादाचा गाभा असा : शून्यातून सृष्टी निर्माण करणारा, पवित्र, पापाचा तिरस्कार करणारा आणि तरीही पित्यासारखा प्रेमळ असा जो एकच ईश्वर तुम्ही मानता, तो तुम्हाला सहा दर्शनांत कुठेही सापडत नाही, कारण तिथे जीव आणि जगाचे मूळ द्रव्य अनादी मानलेले आहे. निव्वळ बुद्धीने तो सापडला असेही म्हणता येत नाही, कारण तुमच्याआधीच्या हजारो बुद्धिमंतांना तो सापडला नव्हता. तुम्ही तो ख्रिस्ती शिकवणीच्या सहवासातून घेतला आहे, मग त्या शिकवणीचा उगम मान्य करायला संकोच का? प्रार्थनासमाजाचे लोक आपले नाते तुकारामाशी व इतर संतांशी जोडत होते, त्यामुळे त्यांना हा आरोप झोंबणे स्वाभाविक होते. संतांच्या भक्तीकडे बोट दाखवून त्याला उत्तर देता येते आणि तसे ते दिलेही गेले. पण सुधारकांच्या श्रद्धेचा इतिहास तपासण्याचा हा आग्रह आजही विचार करायला लावणारा आहे.

उलट बाजूही नोंदवायला हवी. १८८७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ख्रिस्ताच्या ईश्वरत्वाविषयीच्या लेखनात गोऱ्हे म्हणतात की यहुद्यांचा अपवाद वगळता ख्रिस्ती धर्म ग्रहण करण्यासाठी हिंदूंइतकी तयारी दुसऱ्या कोणत्याही लोकांची झालेली नाही, कारण गीता आणि भागवत यांसारख्या ग्रंथांची शिकवण त्यांच्या मते चुकीची असली तरी त्यांनी अनन्यभक्ती, वैराग्य, नम्रता आणि क्षमा यांचे काही संस्कार केले आहेत. ‘दर्पण’ लिहिणाऱ्या खंडनकर्त्याने उतारवयात असे लिहावे याची संगती लावणे हे नोंदीचे काम आहे. सहकाऱ्याच्या मते हा सूर पुढच्या काळातील भारतीय ख्रिस्ती ईश्वरशास्त्राची नांदी आहे. मला तो गोऱ्ह्यांच्या वैष्णव तारुण्याशी जोडावासा वाटतो. दोन्ही मते ठेवली आहेत.

२२ जुलै

आज पुण्यात गुरुवार पेठेतील पंच हौद मिशनच्या आवारात जाऊन आलो. पवित्र नाम देवालय १८८५ चे. शेजारी वेगळा उभा असलेला घंटांचा उंच मनोरा पेठेच्या बोळांतून चालताना आधी दिसत नाही आणि मग एकदम समोर येतो. ‘पंच हौद’ म्हटले की पुणेकराला १८९० चे चहा-ग्रामण्य आठवते, म्हणजे मिशनमध्ये चहा घेतल्यावरून उठलेला धर्मबाह्यतेचा वाद, टिळक आणि रानडे ज्यात अडकले तो, आणि त्या एका चहाखाली या मिशनचा बाकी इतिहास झाकला गेला आहे. काउली फादर्स म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संघाचे, म्हणजे संत योहान सुवार्तिकाच्या संघाचे, हे ठाणे. रिचर्ड बेन्सन यांनी हा संघ १८६६ मध्ये ऑक्सफर्डजवळच्या काउली येथे स्थापन केला होता. दारिद्र्य, ब्रह्मचर्य आणि आज्ञापालन ही व्रते घेणाऱ्या, प्रार्थना व प्रभुभोजन यांना केंद्रस्थानी ठेवणाऱ्या या पंथाशी गोऱ्हे यांचे सूर जुळले. संघाचेच फादर ओनील इंदुरात अत्यंत साधेपणाने राहून काम करत होते, त्यांचाही सहवास गोऱ्ह्यांना लाभला.

१८७६ मध्ये ते संघात उमेदवार म्हणून दाखल झाले आणि त्यासाठी पुन्हा इंग्लंडला गेले. परतल्यावरही ते संघाबरोबरच राहिले, मात्र अंतिम व्रते त्यांनी कधीच घेतली नाहीत. पुन्हा तीच शंका : आजन्म पाळायचे वचन आपण पूर्ण श्रद्धेने देऊ शकू का? पाळकपद त्यांनी बावीस वर्षांनी का होईना स्वीकारले, संघाची व्रते मात्र अखेरपर्यंत स्वीकारली नाहीत. त्यांचे कार्यक्षेत्र विखुरलेले होते. उत्तर हिंदुस्थान, इंदूर, मुंबई, पुणे आणि काही काळ चांदा (आजचे चंद्रपूर) अशी नावे नकाशावर घातली आहेत.

३० जुलै

रमाबाईंचा भाग जाणूनबुजून शेवटी लिहिला. पुण्यात असताना मिशनरी मिस हरफर्ड त्यांना मराठी नवा करार शिकवत आणि फादर गोऱ्हे घरी येऊन हिंदू व ख्रिस्ती धर्मांतील भेद समजावून सांगत, असे रमाबाईंनी स्वतःच लिहिले आहे. १८८३ मध्ये त्या इंग्लंडला वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींकडे (जोगिणींकडे) गेल्यावरही शंका शिल्लक होत्या आणि गोऱ्ह्यांच्या लेखी युक्तिवादांनी त्यांची बुद्धी राजी झाली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांचा आणि त्यांची मुलगी मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला.

संस्कृत शास्त्रांत तयार झालेल्या विदुषीला पटवून देणे हे कोण्या इंग्रज पाळकाला साधले नसते, हे सर्वच अभ्यासक म्हणतात. पण पुढचा फरक अधिक महत्त्वाचा आहे. रमाबाईंनी लवकरच चर्चच्या अधिकाराविषयी, त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हा एकच देव) सिद्धांतांविषयी वाँटेजच्या भगिनींना अडचणीचे प्रश्न विचारायला सुरुवात केली आणि पुढे एका पंथाच्या चौकटीत त्या राहिल्या नाहीत. गोऱ्हे मात्र जितक्या शंका घेत, तितके चर्चच्या परंपरेला घट्ट धरून राहिले. स्वतःच्या बुद्धीवर त्यांचा विश्वास मर्यादितच होता, आणि ‘शास्त्रतत्त्वविनिर्णया’त तर्काला शास्त्राखाली ठेवणारा तरुण पंडित मला इथे पुन्हा दिसतो.

६ ऑगस्ट

शेवटचे दोन तपशील भरून मसुदा पूर्ण केला. निधन २९ ऑक्टोबर १८९५, मुंबई.

मुलगी एलेन लक्ष्मी हिच्यासाठी स्वतंत्र छोटी नोंद करायची आणि दोन्हींत परस्परांचा निर्देश द्यायचा. १८५३ मध्ये काशीत जन्म, ती तान्ही असतानाच आई वारली, युरोपीय कुटुंबात वाढली, शिक्षण इंग्लंडमध्ये, १८८० मध्ये परत येऊन अमृतसर व अलाहाबाद येथे काम, १८९७ मध्ये डीकनेस (चर्चची दीक्षित सेविका), मृत्यू १९३७. तिची इंग्रजी स्तोत्रे जगभरच्या चर्चमध्ये गायली गेली. वडिलांच्या चरित्रात ती एका वाक्यात उरकली जाते आणि पित्याने लेकीला परक्या घरी सोपवून वादविवादाला वाहून घेतले याची चर्चा कोणी करत नाही. आमच्या नोंदीत एक परिच्छेद त्यावर आहे, त्यात निवाडा केलेला नाही, वस्तुस्थिती मात्र क्रमाने दिली आहे.

मसुदा सरांकडे आणि एका ख्रिस्ती धर्मशास्त्राच्या अध्यापकांकडे वाचायला पाठवला. ‘दर्पणा’तील उताऱ्यांचे मराठी रूप सर तपासतील, दीक्षा आणि संघव्रतांविषयीची परिभाषा अध्यापक तपासतील. त्यांचे शेरे आल्यावर नकाशा आणि कालपट जोडून नोंद संपादकांकडे जाईल.